पाहुण्यांनी शोधलेली गाठ

"पाणी पी. हां, आता गिळ."

मी गिळलं. भर बैठकीत, सगळ्यांसमोर. मुलाची आत्या माझ्या मागं उभी होती. माझी वेणी तिनं स्वतःच्या हातानं बाजूला सारली होती आणि दोन्ही हातांची बोटं पुढं आणून ती माझा गळा चाचपत होती. आठवडी बाजारात कोंबडी चाचपतात तसा. मुलाचे वडील पोह्यांची बशी धरून बघत होते. मुलगा बघत होता. माझे वडील फरशीकडं बघत होते.

"परत गिळ."

परत गिळलं.

"आहे," आत्या म्हणाली. मला नाही, भावाला म्हणाली. "गाठ आहे हिला. माझ्या जावेला अशीच निघाली होती. वर-खाली होते बघ."

मला गाठ आहे हे मला असं कळलं. कुठल्या डॉक्टरकडून नाही. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांकडून, आणि तेही त्यांच्या आपसातल्या बोलण्यातून.

तसे ते सुधारलेले लोक होते. मूळचे देवगाव रंगारीचे, आता शहरात बंगला. आत्या एका शाळेत मुख्याध्यापिका. आल्या आल्या मुलाच्या वडिलांनी सांगून टाकलं, "आम्ही पत्रिका बघत नाही, हुंडा घेत नाही. मुलगी तेवढी बघतो." आणि मग बघितली. दारापर्यंत चालून दाखव म्हणाले, चालले. पेपरातली बातमी वाच म्हणाले, वाचली. डोळे अधू नाहीत ना ते बघायचं होतं. ओढणी काढ, केस मोकळे सोड, मान वर कर. आमच्या मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत याआधीही पाहुणे येऊन गेलेले. हे सगळं मला पाठ होतं. गळ्यावर हात मात्र पहिल्यांदाच आला.

मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर लोखंडी रिंगा हातात घ्यायच्या, फिरवायच्या, कडेवरून बोट फिरवायचं. चांगली असली तर पुढं. खराब असली तर लाल डब्यात. कळत नसलं तर पिवळ्या डब्यात, साहेब येऊन सांगेपर्यंत. रिंगेला कुणी विचारत नाही, आणि तिला काही वाटतही नाही. मला वाटत होतं. लाज वाटत होती, राग येत होता, आणि त्याच्याखाली भीती होती. तरी मी लोखंडासारखी बसून राहिले.

पाहुणे गेल्यावर आई पहिलं वाक्य बोलली ते हे, "कुणाला सांगू नको बाई."

दुसऱ्या दिवशी कामावर दांडी मारून मी दवाखान्यात गेले. सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघत सांगत होत्या, "थायरॉइडच्या गाठी पुष्कळ बायकांना असतात. बहुतेक साध्याच निघतात. पण हिची कड मला आवडली नाही. सुई टाकून आतलं थोडं काढू आणि तपासायला पाठवू." सुईसाठी पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली.

तो आठवडा कसा काढला ते मलाच माहीत. माणूस दिवसातून किती वेळा गिळतं हे एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. मला प्रत्येक घोट कळायला लागला. चहा पिताना कळायचा, थुंकी गिळताना कळायचा. हात आपोआप गळ्याकडं जायचा. कंपनीच्या बसमध्ये, मशीनपाशी, न्हाणीत. बोटाखाली ती असायची. कधी वाटायचं लहान झाली, कधी वाटायचं वाढली. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा.

कॅन्टीनमध्ये नसरीननं ओळखलं. ती माझ्याच लाइनला आहे, डबा आम्ही एकत्र खातो. "क्या हुआ गे? खाती कायकू नै?" मी सांगून टाकलं. तिनं माझा गळा बघायला मागितला नाही. म्हणाली, "डर लगरा ना? लगींगाच. सुई के दिन मैं आती साथ में."

मला मरायची भीती वाटत होती. आमच्या घरात हे कुणी विचारलं नाही, म्हणून इथं लिहिते. मला फार भीती वाटत होती.

घरात वेगळीच काळजी चालली होती. सोयरीक जमवणारा माझा मामा, पिशोरचा. त्यानं फोन केला. "ते नाय म्हणले नाहीत," तो आईला सांगत होता. "थांबू म्हणले. तपासणीचा रिपोर्ट आला की आधी त्येंच्याकडं धाडायचा. साधा असला तर साखरपुडा करू. माणसं लई चांगली हायती." आईचा चेहरा उजळला. म्हणजे मीही पिवळ्या डब्यात गेले होते.

सोमवारी आई वेरूळला जाऊन आली. प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "मागणं मागून आले बघ. एवढी सोयरीक मोडू नको म्हणलं देवाला." मी थांबले. मला वाटलं, अजून काही म्हणेल. माझ्या जिवाचं काही. ती पदर खोचून कणीक मळायला बसली. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याखाली जीव नकोसा झालेला, पण घरातही मी गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसायचं असा तिचा हुकूम होता. शेजारणीला दिसायला नको.

आईला काय बोल लावू? मीसुद्धा तेच मागायला लागले होते. रिपोर्ट साधा येऊ दे, म्हणजे मी त्यांना पसंत पडेन. जगेन हे नंतर सुचायचं. इतकं आत गेलं होतं ते.

सुईच्या दिवशी नसरीन आली. मामाही आला. त्याला पाहुण्यांनीच सांगितलं होतं, सोबत जा म्हणून.

आत टेबलावर झोपवलं. खांद्याखाली उशी, डोकं मागं, गळा पूर्ण उघडा. डॉक्टरीणबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हात लावू का?"

त्या कुणाला विचारतात ते मला आधी कळेना. खोलीत एक नर्स होती आणि मी. मग कळलं, मलाच.

"लावा," मी म्हटलं.

"आता बोलायचं नाही, गिळायचं नाही. दुखलं तर हात वर करा."

सुई गेली. दुखलं, पण सहन होण्यासारखं. डोळ्यांतलं पाणी मात्र दोन्ही कानांत उतरलं. नर्स म्हणाली, झालं हं, झालं, रडू नका. तिला वाटलं सुईमुळं. माझ्या गळ्याला हात लावण्याआधी मला विचारता येतं, आणि विचारायला काही वेळसुद्धा लागत नाही, हे माझं लग्नाचं वय उलटून चाललं तेव्हा मला कळत होतं. रडू त्याचं होतं.

बाहेर बाकावर येऊन बसले. गळ्यावर छोटी चिकटपट्टी. मामा फोन घेऊन पुढं आला. "बोल, बोल. त्या आत्याबाई हायेत." व्हिडिओ कॉल. पडद्यावर तिचा चेहरा.

"झालं का? कुठं टोचलं दाखव. मान वर कर जरा."

मी मान वर केली. मनानं नाही, सवयीनं. मान आपली आपण वर गेली.

"पट्टी काढ. डाग राहतो का बघू दे."

हात पट्टीपर्यंत गेला. बाकावर बसलेले लोक बघत होते. तेवढ्यात ती मामाशी बोलायला लागली. मी तिथं नसल्यासारखी.

"मामा, रिपोर्ट आला की लगेच पाठवा. आणि वाईट निघालं तरी मनाला लावून घेऊ नका. आम्हाला घर पसंत आहे. धाकटी आहेच की. त्या दिवशी पोहे घेऊन आली ती. तिचं बघू."

"व्हय व्हय, ताई," मामा म्हणाला. "तसं बी करता येईल."

माझी धाकटी बहीण कॉलेजला आहे. त्या दिवशी फक्त ट्रे घेऊन बाहेर आली होती. तेवढ्यात तिलाही बघून ठेवलं होतं. एक खराब निघाली तर त्याच घरातली दुसरी. उद्या तिच्या मागं ही बाई उभी राहणार, तिची वेणी बाजूला सारणार. माझा हात पट्टीवरून खाली आला. मी मामाच्या हातातून फोन घेतला.

"रिपोर्ट माझा आहे. तो तुम्हाला मिळणार नाही. साधा आला तरी मी तुमच्या घरात येणार नाही. आणि माझ्या बहिणीचं नाव परत काढू नका."

"अगं, तुझ्या भल्याचंच बोलतेय. गाठ मीच शोधली ना? नाहीतर कळलं असतं का तुला?"

"शोधली तुम्ही. पण हात लावताना मला विचारलं होतं?"

ती खरंच गोंधळली. चेहऱ्यावर दिसलं. "त्यात काय विचारायचं? मुलगी बघायला आलो होतो आम्ही."

मी फोन बंद केला.

मामानं फोन माझ्या हातातून हिसकावून घेतला. "लई शाणी झाली का तू? दोघींचं वाटोळं केलंस." नसरीननं माझी पिशवी उचलली. "चल गे," एवढंच म्हणाली. तिचा हात धरून मी बाहेर पडले. शौर्यबिर्य काही नव्हतं.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या तुला कायबाय निघालं तर? नवरा नाय, लेकरू नाय. कोण करील तुझं?" माझ्या जिवाची गोष्ट ती पहिल्यांदा बोलली ती अशी. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

"निघालं तर ऑपरेशन करीन," मी म्हटलं. "गळा कापतील. व्रण राहील. तो घेऊन कामावर जाईन. ओढणी बांधणार नाही."

आई रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं नाही. मला जमलं नाही.

रिपोर्ट अजून आलेला नाही. भीती गेलेली नाही, घास अजून फिरतो. दवाखान्याचा फोन वाजेल म्हणून मी मोबाइल कंपनीत लॉकरमध्ये न ठेवता खिशात ठेवते आणि सुपरवायझरची बोलणी खाते. वाईट निघू शकतं, हे मला माहीत आहे.

आणि मामा थांबलेला नाही. त्यानं रविवारी दुसरे पाहुणे बोलावलेत, धाकटीसाठी. मोठीचं काही बाहेर यायच्या आत हिचं उरकून घ्यावं, असा त्याचा हिशेब. आईनं पोहे आणून ठेवलेत. धाकटी माझ्याकडं बघते.

रविवारी मला सुट्टी असते. पाहुणे कुणी का असेनात, दारात मी उभी राहणार आहे. आल्या पावली परत पाठवणार आहे.