वट्टमची घाई

"उतरव! आधी तो उतरव! माझा मुलगा जिवंत आहे!"

आवडी स्टेशनच्या रस्त्यावर राजीअक्का बांबू धरून गदागदा हलवत ओरडत होत्या. बांबूवर त्यांच्याच मणीचा फ्लेक्स. अंगात लष्करी गणवेश, गळ्यात हार, खाली मेणबत्ती आणि तमिळमध्ये 'कण्णीर अंजली', म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली. शेजारी मणीच्या दुप्पट आकाराचा आमचा पुढारी वट्टम, हात जोडून. आणि खरा वट्टम त्याच फ्लेक्सखाली तसेच हात जोडून मला मराठीत समजावत होता, "बिचारी! दुःखांत माणूस असेंच बोलते."

राजीअक्का माझ्या घरमालकीण, मला 'तंबी' म्हणजे धाकटा भाऊ म्हणायच्या. एकुलता एक मणी सीमेवर. लढाई जुंपलेली, त्याचा फोन बंद. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर 'तमिळनाडूचा एक जवान शहीद' एवढंच फिरत होतं, नाव नाही. अख्खं आवडी श्वास रोखून बसलं होतं. वट्टमने तेवढा रोखला नाही.

वट्टम म्हणजे खरं तर वॉर्ड. पण इकडे वॉर्डाच्या पुढाऱ्यालाच वट्टम म्हणतात, आणि आमचा तर आकारानेही वॉर्डाएवढा होता. मूळ तंजावरकडचा मराठी. त्याचं मराठी दोनशे वर्षं फडताळात ठेवून परवाच बाहेर काढल्यासारखं, चाल मात्र चोख तमिळ. "अस्की होते" हे त्याचं ब्रीद. अस्की म्हणजे सगळं. रेशनकार्ड? अस्की होते. गटार? अस्की होते. मुलीला स्थळ? तेंही होते! एका पुरात हा भर रस्त्यात, गुडघाभर पाण्यात खुर्ची टाकून बसला. पंप येईतो उठणार नाही म्हणाला. माशांनी त्याच्या लुंगीसारख्या वेष्टीत संसार थाटले, पोरंबाळं झाली, पण पंप आला! मी त्याच्या पायांवर डोकं ठेवायलाच निघालो होतो, पण त्या पाण्यात पाय सापडले नाहीत.

फ्लेक्सवर त्याचा भारी जीव. वारा सुटला की आमची गल्ली शिडाच्या गलबतासारखी बंगालच्या उपसागराकडे सरकायची. त्या फ्लेक्सवर देव कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढे. आणि कुणी गेलं, की डॉक्टरने नाडी सोडायच्या आत हा मंडप, खुर्च्या आणि कॉफीचा थर्मास घेऊन हजर. रडायचा, तेही खरं. खांदा द्यायचा, तोही शेवटपर्यंत. म्हणून तर त्याच्यावर धड चिडताही येत नसे.

लढाई सुरू झाली आणि निवडणूकही तोंडावर आली. दोन्ही एकदम अंगात आल्यावर माणसाचं काय होतं, ते मी पाहिलं. ऑटोला कर्णा बांधून तो शत्रूला रोज तमिळमधून शेवटची ताकीद देई. उन्हाळ्यात फुकट ताक वाटायच्या त्याच्या मांडवावर रणगाडा रंगवला गेला, रणगाड्यावर हा. लोक ताक पिऊन जयजयकार करत. इथवर मीही हसलो.

पण त्या सकाळी मी त्याची गचांडी धरली. "बातमी पक्की केलीस कुणाकडून?"

"पक्की होईतो समोरच्या पक्षाचा फ्लेक्स लागेल, बाबा," तो दुखावून म्हणाला. "मग मणीला काय वाटेल?"

अक्कांचं अवसान गेलं. त्या रस्त्यातच बसल्या. त्यांच्या पिशवीतला फोन वाजायला लागला आणि त्या काही केल्या तो काढेनात. शेवटी मी काढला. पलीकडे मणी! खरखर, वारा आणि मणी. "अम्माला सांगा, जेवलो."

वट्टम ढसाढसा रडला. मला त्याने असं कवटाळलं की माझ्या फासळ्यांची अदलाबदल झाली. मग डोळे पुसून त्याने छापखान्याला फोन लावला. दुपारपर्यंत 'कण्णीर अंजली'वर नवी पट्टी चिकटली, 'रणवीराचे स्वागत'. हार राहिला, स्वागतालाही चालतो. मेणबत्तीही राहिली. फटाके फुटले. वट्टमने दटावलं की यमसुद्धा मागे फिरतो, असं लोक बोलायला लागले. तो कुठलातरी दुसरा जवान मात्र गेलाच होता. कुठल्यातरी गावात त्याच्या आईचा फोन वाजला नव्हता. त्याचं नाव काय, हे ना वट्टमने विचारलं, ना फटाके वाजवणाऱ्यांनी.

वट्टम भरघोस मतांनी निवडून आला. मी तोवर दूर वेस्ट मांबलमला राहायला गेलो होतो. निकालानंतर अक्कांना भेटायला गेलो, तर त्या शेवग्याचा पाला निवडत बसलेल्या, बोटावर मतदानाची शाई. मत वट्टमलाच दिलं म्हणाल्या. मला राहवलं नाही. "जिवंत मुलाच्या गळ्यात हार घातला त्याने, अक्का! आणि मत त्यालाच?"

पाल्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "मणी सीमेवर. तू मांबलमला. मला काही झालं तर दारात कोण येणार, तंबी?"