चेहरा की आवाज

कॅमेरावाल्या काकांचं गिऱ्हाइकापुढे एकच पालुपद असे: "चेहरा जपायचा तर डिजिटल कॅमेरा घ्या, आवाज जपायचा तर कॅमकॉर्डर. उगाच डोकं पिकवू नका!"

त्यांच्या बायकोला मात्र फोटोचं भारी वावडं. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. महिनाभर बसलेला घसा दाखवायला गेलेली ती आज दवाखान्यातून परस्पर दुकानात आली आणि दिव्याखालच्या स्टुलावर बसली.

"मला टिपून ठेवा."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" काकांनी हसत डिजिटल कॅमेरा उचलला. "डॉक्टर काय म्हणाले?"

तिने कॅमेरा हळूच खाली ठेवायला लावला.

"ऑपरेशननंतर चेहरा आहे तसाच राहील म्हणाले," ती घोगऱ्या आवाजात बोलली. "तुम्ही कॅमकॉर्डर काढा."