मॅनेजरचं ताट

शाळेच्या सुट्टीत कुवेतमधल्या फहाहीलला पोचल्यावर पहिली चूक मी गारव्यापायी केली. गावच्या इब्राहिमने माझी खाट आपल्या खोलीत, सहा जणांत टाकून ठेवली होती. पण मेसचे मॅनेजर म्हणाले, "मास्तर, माझ्या खोलीत गार हवेचं यंत्र आहे." मे महिन्यातलं कुवेत. मी ट्रंक सरळ त्यांच्याकडे नेली.

मेस तेलकंपनीत कामाला असलेल्या रत्नागिरीकडच्या मुसलमान मंडळींची. मॅनेजर मात्र कंपनीने नेमलेले. खाण्यापिण्याचं बघायला जेवणाऱ्यांनी निवडलेली कमिटी, इब्राहिम तिचा म्होरक्या. न्याहारीला खुबूस (भट्टीतली रोटी), दुपारी झुबैदीचं (पापलेटचं) कालवण. कालवणाची तारीफ इथे करत नाही. हे घरीही वाचलं जाणार आहे.

ते रांधणारा दाऊद गुहागरचा. मॅनेजरना त्याच्या जागी आपला माणूस हवा होता. मेस सुटली की दाऊदला कुवेतही सुटणार, आणि गावी तीन मुली. कमिटीने नकार दिला. मॅनेजरनी कमिटीच बरखास्त केली. लोकांनी पुन्हा तीच माणसं निवडली.

जेवताना हे ऐकलं आणि माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला.

"अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हा हेच चालायचं! राजा गव्हर्नर पाठवायचा, लोक सभा निवडायचे. गव्हर्नर सभा मोडायचा, लोक तीच माणसं परत पाठवायचे."

"मग जिंकायचं कोण?" इब्राहिमने विचारलं.

"बऱ्याच ठिकाणी गव्हर्नरचा पगार सभेच्या हातात असे. तो अडवला की साहेब नरमायचे."

इब्राहिमचा घास हातातच राहिला. "मॅनेजरचा पगार कंपनी देते ओ. पण त्यांचं फुकट ताट दर महिन्याला आपण मंजूर करतो!"

दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसलो, तर दाऊद अवघडून समोर उभा. "मास्तर, मॅनेजरसाहेबांचं ताट बंद झालंय. त्यांच्या पाव्हण्याचं पण."

"पाव्हणा कोण?"

"तुम्ही."

सगळे खो खो हसले. "ट्रंक हलवा इकडं," इब्राहिम म्हणाला. पण यंत्राचा गारवा भोगून असं उठून जाणं मला जमेना. बाजारात जाऊन खजूर आणि खुबूस खाल्लं. तिथे दुकानदार नव्यानेच निवडून आलेल्या मजलिसबद्दल (विधानसभेबद्दल) तावातावाने बोलत होते. मला फक्त तळलेल्या माशाचा वास येत होता.

परत आलो तर दाऊदने मागच्या दाराशी झाकलेली थाळी पुढे केली. "खावा गुपचूप."

"नको. ठराव मोडेल."

"माझ्यासाठीच हाय ना तो ठराव? मी सांगतो, खावा."

तरी मी खाल्लं नाही.

शुक्रवारी कंपनीचे मोठे साहेब मॅनेजरच्या पंक्तीला येणार होते. आता त्यांना वाढायचं काय? गुरुवारी दुपारी मॅनेजर मेसच्या दारात आले. सगळ्यांनी माना ताटात घातल्या.

"दाऊद राहील," ते म्हणाले.

दाऊदने दोन ताटं मांडली. मॅनेजरनी माझ्याआधी भात मागितला.

परतीच्या बोटीवर मनात आलं, पाठ्यपुस्तकात हे सगळं 'पगार अडवला' एवढ्यात संपतं. त्या दिवसांत गव्हर्नरच्या घरी कोण काय जेवलं, हे मी मुलांना कधी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर बायकोला अमेरिकेसकट सगळं सांगितलं.

"इतकी वर्षं इतिहास शिकवताय," ती म्हणाली, "त्यासाठी उपाशी मात्र पहिल्यांदाच राहिलात."