मोटेच्या आवाजापलीकडे

घर घ्यायचे ते आईच्या झोपेसाठी, हे मी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवले होते. बाकीच्या सोयी त्यानंतर. हेतू एका वाक्यात मांडता येत नसेल तर प्रयोगाला हात घालू नये, ही शिस्त मला कॉलेजपासूनची. आणि जागा निवडणे हा माझ्या दृष्टीने प्रयोगच होता.

पुण्यात आम्ही दोघी तांबट आळीला लागून दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. वडील गेले त्याच वर्षी आईला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण झोप परतली नाही. ती रात्रभर टक्क जागी असे. पहाटे कधीतरी तिचा डोळा लागे, आणि उजाडते न उजाडते तोच खाली तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडू लागत. पहिल्या ठोक्याला ती उठून बसे आणि तळहात कपाळावर दाबून धरी. तो हात मग दुपारपर्यंत कपाळावरून निघत नसे.

"माझ्याकडे याचे औषध नाही," डॉक्टर म्हणाले. "पहाटेची झोप सलग मिळाली तर त्या सुधारतील. इथे ती मिळायची नाही. त्यांना भावाकडे पाठवा."

भाऊ म्हणजे माझे सोलापूरचे मामा. आई तिकडे गेली असती तर मलाही जाणे भाग होते, कारण एकट्या अविवाहित मुलीला पुण्यात कुणी खोली देत नव्हते. आणि पिंपरीच्या औषध कारखान्यातली प्रयोगशाळा काही माझ्यामागे सोलापूरला येणार नव्हती. तिथे बुरशीच्या नमुन्यांची तपासणी माझ्याकडे होती. आमच्या विभागात मी एकटीच स्त्री होते आणि एक दिवस तो विभाग चालवायचा, असे माझ्या मनात पक्के होते. हे मी कुणाला सांगितले नव्हते. आईला मात्र सांगावे लागले नव्हते. तेव्हा कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर, पहाटे शांत असणारी जागा हवी होती. वडिलांनी मागे ठेवलेल्या पुंजीत शहरातली जागा येत नव्हती, खेड्याच्या शिवारातली येत होती.

मी वहीत रकाने आखले. आवाज, पाणी, रस्ता, अंतर. श्रावण-भाद्रपदातल्या प्रत्येक रविवारी पहिली गाडी पकडून चिंचवडला उतरायचे आणि उजाडण्याच्या सुमारास एकेका जागेवर घड्याळ घेऊन उभे राहायचे, असा क्रम ठेवला. दिघीची जागा लष्करी हद्दीला लागून होती; तिथे सकाळच्या सरावाचे बार ऐकू आले, ती खोडली. थेरगाव नदीपलीकडे; पूर आला की कारखाना गाठण्याची खात्री नाही, तेही खोडले. आकुर्डीच्या शिवारात एका बाईंच्या मालकीची दोन वावरे विकाऊ होती. वरचे वावर माळावर होते. तिथे पाणी नव्हते, म्हणून ते मी न पाहताच खोडले. खालचे विहिरीलगत होते. तिथे मी लागोपाठ तीन रविवार उभी राहिले. एखादा पक्षी, एखादी बैलगाडी, पलीकडे नांगरटीत कुणीतरी बैलाला दिलेली हाक, एवढेच. मी त्या जागेपुढे 'उत्तम' असे लिहिले आणि त्याखाली रेघ ओढली.

इसार देण्याचा दिवस दिवाळीनंतर ठरला. त्या मालकीणबाईंना सगळा गाव मावशी म्हणे, मग आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी आदल्या संध्याकाळीच आम्हाला मुक्कामाला बोलावले. "घर हितंच बांदनार न्हवं? मग एक रात हितं पाठ टेकून बगा की," असे त्यांचे म्हणणे. मला ते पद्धतशीर वाटले. विहिरीजवळच्या त्यांच्या पडवीत आम्ही पथाऱ्या टाकल्या. पहाटे आईचा श्वास संथ झालेला मी ऐकला आणि समाधानाने कूस बदलली.

तेवढ्यात चाक कुरकुरले.

लांबट, कर्कश कुरकूर, मग बैलांच्या पायांची धडपड, मग विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात धबकन पाणी, मग मोट हाकणाऱ्याने गळा काढून म्हटलेले गाणे. पुन्हा कुरकूर. आई उठून बसली. तिचा तळहात कपाळावर गेला.

मी पडवीतून बाहेर आले. मावशींचा मोठा मुलगा बैल मागे सरकवत होता आणि मावशी शेणाची पाटी घेऊन उभ्या होत्या.

"मावशी, ही मोट रोज चालते?"

"व्हय. रब्बीचं पानी हाय. आता पार उनाळ्यापतुर चालायची."

"पण मी आले तेव्हा एकदाही नव्हती."

"पावसाळ्यात कोन मोट हाकतंय, बाई? तवा आभाळच हाकतंय की!" त्या हसल्या. "येवढी वही घिऊन हुब्या ऱ्हायच्या, मला वाटलं लई हुशार बाई हाय. इचारलं असतं तर सांगितलं नसतं का?"

त्यांचा मुलगा बैलांच्या उतरत्या धावेवरून ओरडला, "आये, बाईंसाठी मोट बंद ठिवू का? गव्हाला म्हनावं, बाईंची आई उठंपतुर थांब."

मला राग यायला हवा होता, पण तो येण्याआधी चूक दिसली. प्रयोगशाळेत कुणी पिंपातला नुसता वरच्या थराचा नमुना घेतला तर मी त्याला परत पाठवीत असे. आणि मी स्वतः वर्षातल्या एकाच ऋतूचा नमुना घेऊन त्याखाली रेघ ओढली होती. एवढेच नव्हे, आवाज आणि पाणी हे दोन रकाने मी वेगळे मानले होते. या शिवारात ते एकच होते. जिथे पाणी, तिथे पीक. जिथे पीक, तिथे पहाटेपासून माणसे आणि बैल. पाणी जवळ आणि पहाट शांत अशी जागा मी शोधत होते, आणि तशी जागा इथे कुठेच नव्हती. दोहोंपैकी काय सोडायचे, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याचे उत्तर वहीच्या पहिल्या पानावर होते.

"मावशी, तुमचे वरचे वावर दाखवता?"

"माळावरलं? तितं कुसळंबी नीट उगवत न्हाईत, बाई. त्यो दगुड इकायचा म्हनजे मलाच लाज वाटती."

"दाखवा तर खरे." मी आईकडे वळले. "आई, चल. मोट चालू आहे तोवरच जायचे आहे. तुला ऐकू येईनासे होईल तिथे थांब."

"तुझे कान तरणे आहेत. तूच मोज की."

"झोपायचे तुला आहे. माझ्या कानांचा उपयोग नाही."

शाल लपेटून ती निघाली. मी मागून पावले मोजीत होते आणि मावशी पाटी हातात तशीच घेऊन बरोबर चालत होत्या. चढ लागला. दर थोड्या वेळाने मी विचारी, "येते आहे?" आणि आई म्हणे, "येते आहे गं, सारखे काय विचारतेस?" चढ ओलांडून जमीन पलीकडे उतरू लागली तशी ती थांबली. मान किंचित वाकडी करून तिने ऐकले. मावशीही नकळत श्वास रोखून उभ्या राहिल्या.

"नाही येत आता," आई म्हणाली. एका दगडावर बसली, आणि तिने चांगली ऐसपैस जांभई दिली.

मावशी माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आन् पानी? पानी कोन आननार, मी?"

"मी आणीन. पाणी आणता येते, मावशी."

इसार त्याच सकाळी दिला, फक्त कागदावरचा गट बदलून. कारखान्यातल्या मंडळींनी मला महिनाभर सोडले नाही. रसायनशास्त्राच्या पदवीधर बाई पाण्यावाचून घर बांधताहेत, यावर रोज नवा विनोद होई. मी ऐकून घेई. त्यांच्यापैकी कुणीही आईचा तो तळहात पाहिलेला नव्हता.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही तिथे राहायला गेलो. दोन खोल्या, ओटा, आणि चहूबाजूंनी उघडा माळ. पहिल्या सोमवारी उजाडायच्या आधी मी डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन चढ उतरले. मोट चालू होती. जवळून तो आवाज खरोखर फार मोठा होता.

"आल्या का हुशार बाई?" मावशींनी थारोळ्याकडची जागा मोकळी करून दिली. "आय काय करतीया?"

"झोपली आहे."

"आजून?" त्यांनी उजळलेल्या आभाळाकडे पाहिले आणि दुसरी घागर माझ्या कमरेवर चढवून दिली.

घरी परतून मी आवाज न करता पाणी ओतले, डबा भरला, पदर खोचला. आईचा हात उशीखाली होता. दार मी हळूच ओढून घेतले आणि सायकल उताराला लागेपर्यंत हातानेच ढकलत नेली, कारण तिची साखळी थोडी करकरत असे. मग स्वार होऊन वेळेवर कामावर पोहोचले.