सॉनात सांगितलेला डाव

ताइस्तो ह्युप्पोनेन, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, वार्कौसच्या कागद गिरणीत पाळ्या करायचे आणि उरलेला वेळ बुद्धिबळात घालवायचे. बहीण म्हणायची, "लग्न माझ्याशी झालंय, संसार मात्र त्या घोड्या-उंटांशी चाललाय." जिल्ह्याबाहेर त्यांना कोणी विचारत नव्हतं. पन्नाशीत मात्र राष्ट्रीय स्पर्धेत ते असे काही खेळले, की शेवटच्या फेरीत नुसती बरोबरी झाली तरी विजेतेपद आणि देशाच्या संघात जागा पक्की. स्पर्धाही त्या वर्षी आमच्याच गावात होती.

शेवटच्या फेरीच्या आदल्या दिवशी शनिवार होता, त्यामुळे सॉना, म्हणजे घरची वाफेच्या अंघोळीची खोली, तापवलेला होता. दाजी, मी आणि त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त रेनो इकेहेइमो, तिघंही घामाघूम होऊन फळीवर बसलो होतो. रेनोच त्यांच्याबरोबर सराव करायचा. सॉनात बोललेलं बाहेर न्यायचं नसतं. त्या बाबतीत आमचा पाद्र्यापेक्षा सॉनावर जास्त भरवसा.

दाजी म्हणाले, "उद्या माझा नेहमीचाच बचाव खेळणार. पण रेनो, त्यात एक भोक आहे. समोरच्याने राजाजवळच्या प्याद्यावर घोडा बळी दिला, तर माझ्याकडे उत्तर नाही."

"आजवर कुणाला सुचलंय का ते? झोप निवांत," रेनो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी समोर हेलसिंकीचा एक तरणा खेळाडू होता. बाराव्या चालीला त्याने जराही विचार न करता घोडा त्या प्याद्यावर टाकला. दाजींनी पटाकडे पाहिलंच नाही. त्यांनी प्रेक्षकांत रेनोला शोधलं. रेनो कॉफीच्या कपात डोकं खुपसून बसला होता. मला तर त्याच्या अंगावर ती कॉफी ओतावीशी वाटली.

दाजी हरले आणि संघातली जागा त्या पोराला मिळाली. महिन्याभराने कळलं, की संघाबरोबर त्याचा मदतनीस म्हणून रेनो जाणार. त्या शनिवारी पठ्ठ्या सॉसेजची पुडी घेऊन दारात हजर. एवढा निर्लज्ज माणूस मी पाहिला नाही.

"ताइस्तो, भोक तर होतंच ना. तू नाहीतरी हरलाच असतास."

"हरलो असतो," दाजी शांतपणे म्हणाले. "पण हरलो असतो तर त्या पोराकडून. तुझ्याकडून नव्हे."

त्यानंतर ते एकही स्पर्धा खेळले नाहीत. शनिवारी सॉना तापतो आणि आम्ही दोघंच बसतो. मी त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ, पण माझ्याशीसुद्धा ते आता हवापाण्यापलीकडे काही बोलत नाहीत.