तीस पावलं मागून

अंजना गजभिये सातवीत माझ्या वर्गात होती तेव्हा तिची नखं ग्रीसनं काळी असायची. स्वच्छता तपासणीच्या दिवशी इतर मुली हात मागे घ्यायच्या. ही दोन्ही हात बाकावर पालथे ठेवून बसायची. "काल बाबासोबत गाडी खोलली, गुरुजी. निघत नाही ते," एवढंच सांगायची, आणि माझ्याकडे सरळ बघायची.

तिचे वडील केवलराम कोहमाऱ्याच्या चौफुलीवर टिनाच्या शेडमध्ये टू-स्ट्रोक मोटारसायकली दुरुस्त करत. ते गेले तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. आता छत्तीसची आहे आणि शेड तीच चालवते. जागा शेजारच्या ढाब्याच्या मालकाची, दुलीचंद सेठची. अजूनही एखादा नवा माणूस गाडी घेऊन येतो, इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "मिस्त्री कुठं आहे?" अंजना पाना खाली न ठेवता म्हणते, "तुमच्या समोर हाय. गाडीले काय झालं ते सांगा."

गेल्या पावसाळ्यात काम कमी होतं, तेव्हा तिनं एक क्वाड बनवली. क्वाड म्हणजे चार जाड टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली उघडी गाडी. सांगाडा स्वतः वेल्डिंग करून जोडला आणि त्यात भंगारातून आणलेलं साडेतीनशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. सिलिंडरची तोंडं कानशीनं घासून रुंद केली, पत्रा ठोकून पोटाशी फुगीर सायलेन्सर केला. गाडी हळू चालवली की खोकायची. वेग वाढला की एका ठरावीक क्षणी तिचा आवाज बदलायचा आणि ती अंगात आल्यासारखी पळायची.

मुर्रीचा ओमेश पटले जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांना क्वाडवर फिरवतो. त्याची स्वतःची गाडी साडेचारशेची फोर-स्ट्रोक, नागपुरात बरंच काही बदलून आणलेली. त्याला चौफुलीवर जागा हवी होती आणि त्याचा डोळा या शेडवर होता. एके दिवशी तो अंजनाच्या देखतच दुलीचंद सेठला म्हणाला, "सेठ, टू-स्ट्रोक का जमाना गया. इसमें सिर्फ धुआं है."

"धुव्वा मागच्याले दिसते," अंजना गाडीखालून म्हणाली. "तुले दिसनच."

सेठ खूश झाले. त्यांना अशा गोष्टी आवडतात. "तो हो जाए. जो जीता, शेड उसका."

अंजना बाहेर आली, हात पुसले. "बारा वर्सं मी चालवून राहिली हे शेड. शर्यतीवर कायले लावता, सेठ?"

"डर गई क्या, ताई?" ओमेश म्हणाला.

"जागा मी सांगन," अंजना म्हणाली.

जागा तिनंच सुचवली: आमच्या गावच्या शंकरपटाची. धान निघालं की जानेवारीत बांध्या, म्हणजे भाताची छोटी शेतं, सपाट करून हजार फुटांच्या दोन पट्ट्या आखतात, त्यांच्या दोन्ही टोकांना आडवे धागे ताणतात आणि पट्ट्यांवर बैलजोड्या धावतात. पट रविवारी संपला. सोमवारी सकाळी दोघंही आपापली गाडी घेऊन तिथे हजर होते. निम्मं गावही होतं. घड्याळ जागेश्वरभाऊंकडे होतं. पटाचा निकाल वीस वर्षं तेच देतात.

ओमेशनं चाकं सुरुवातीच्या धाग्याला टेकवून गाडी उभी केली. अंजना मात्र आपली गाडी तीस पावलं मागे घेऊन गेली.

"तिकडे काऊन चालली, बाई?" कुणी तरी ओरडलं. "इतक्यातच हारली का?"

तिनं मान वळवली नाही. झेंडी पडली. ओमेशची गाडी जागेवरून अशी उसळली, की माती आमच्या अंगावर आली. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही जोरानं ओढते. अंजनाची आधी खोकली, मग आवाज बदलला आणि ती धागा तोडून गेली तेव्हा चांगलीच वेगात होती. तरी शेवटच्या धाग्यावर ओमेश वीस-पंचवीस गाड्यांइतका पुढे होता. पोरं त्याला उचलायला धावली.

जागेश्वरभाऊंनी चष्मा लावला. "ओमेश, साडेअकरा सेकंद. अंजना, दहा सेकंद."

"असं कसं?" ओमेश म्हणाला. "मी तर पहिला आलो."

"पटात पहिला कोण आला ते कोणी पाहत नाही, बेटा," भाऊ म्हणाले. "ज्याचा धागा तुटला, त्याचं घड्याळ सुरू. दोन पट्ट्या, दोन घड्याळं. बैल मागूनच आणतात, उभ्यानं कोणी सोडत नाही. इचारलं असतं त सांगितलं असतं."

ओमेश शहराच्या कडेला वाढलेला. मोटारींची शर्यत रेषेवरून सुटते, एवढंच त्याला माहीत. "ये तो बैलों वाली चीटिंग है," तो म्हणाला, आणि दोन-चार जणांनी माना डोलावल्या.

अंजना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बरं. धागे पुन्हा बांधा. आता तूही तीस पावलं मागून ये. माझ्या शेजारून."

तो आला. पहिल्या धाग्यापाशी तो थोडा आधी पोचला. मधल्या अंतरात अंजनाची गाडी सुटली, शेवटच्या धाग्याच्या जरा आधी पुढे निघाली आणि ओमेशला खरंच धूर दिसला. तिला पुन्हा दहा सेकंद, त्याला दहा आणि वर तीन दशांश.

"उभ्यानं लाव," ओमेश म्हणाला. "उभ्यानं लावून दाखव."

"उभ्यानं तू जिंकशील," अंजना म्हणाली. "त्यासाठी पेट्रोल कायले जाळू? तुझी गाडी जागेवरून ओढते, माझी उशिरा धरते. धरली का मंग तुले सापडत नाही. एवढंच हाय ते."

"फिर तो बराबर हुआ," दुलीचंद सेठ हळूच म्हणाले. त्यांना वाट दिसली होती. "अंजना, बुरा मत मानना, लेकिन ओमेश का धंधा बड़ा है. चौफुलीपे वो..."

"सेठ," ती म्हणाली, "पटावर या म्हणली तवा तुम्ही हो म्हणले. पटाचा निकाल भाऊंनं सांगितला, दोन खेपा. आता तिसरा निकाल तुम्ही लावून राहिले."

सेठ जागेश्वरभाऊंकडे बघू लागले. भाऊ घड्याळाची वायर गुंडाळत होते. "पोरगी बरोबर बोलून राहिली," ते म्हणाले.

"मी शेड खाली करत नाही," अंजना म्हणाली. "भाडं एक तारखेले भेटते तुम्हाले, पुढंही भेटन. ओमेशले जागा पाहिजे असन त ढाब्याच्या मागं तुमची पडीक हाय, तिथं बांधून द्या. येऊ दे शेजारी. मले त्याची भीती नाही."

तिनं किक मारली. गाडी खोकली, पण पेटली नाही. कुणी तरी हसलं. तिनं पुन्हा मारली, मग पुन्हा. चौथ्या किकेला इंजिन पेटलं आणि ती बांधीवरून डांबरी रस्त्याला लागली. साडेदहाला शेड उघडायचं होतं.