माझ्या वतीने बोलणारे

सव्वीस वर्षांचा होईपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. माझ्याविषयी बोलायचे, तेही माझ्यासमोर. "ह्याला चहा चालतो का?" "ह्याला कळतं का सगळं?" आणि उत्तर आई द्यायची. जन्मताना मी वेळेवर रडलो नाही, मेंदूला इजा झाली. समज शाबूत राहिली, पण हातपाय वाकडे झाले आणि जीभ जड. माझं बोलणं फक्त आईला कळतं, असं सगळे धरून चालले होते. मी एक म्हणायचो, ती भलतंच सांगायची, आणि ते चुकलंय हे सांगायलाही मला तीच लागायची.

आम्ही भांडुपला दोन खोल्यांत राहायचो. वडील गिरणीत होते, ते संपाच्या आधीच गेले. मोठा भाऊ मुलुंडच्या कारखान्यात सुपरवायझर होता. घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात बोलायला शिकवणारी मॅडम आलीय, असं शेजारणीने सांगितलं तेव्हा आई मला बसने घेऊन गेली. तिला वाटलं होतं, जिभेवर लावायला काही औषध देतील.

तो विभाग लहान मुलांचा होता. बुटक्या खुर्च्या, भिंतीवर ससे आणि हत्ती. बाकावर पोरं मांडीवर घेतलेल्या बायका आणि त्यांच्यात दाढीचे खुंट वाढलेला मी. एकीने आपलं पोर माझ्यापासून लांब सरकवलं.

मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहानच असावी. आईने सुरुवात केली, "ह्याला ना..." मॅडमने तिला थांबवलं. "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हाला काय बोलता यायला हवंय?"

मला अहोजाहो करणारी ती पहिलीच. मी उत्तर दिलं. "कळलं नाही," ती म्हणाली. "परत सांगा." बाकी जग न कळता मान डोलवायचं, नाहीतर आईकडे बघायचं. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा सांगितलं, घामाघूम झालो. शेवटी तिला कळलं. मला हॉटेलात माझा मी चहा मागवायचा होता.

"तुमचा श्वास आधी संपतो आणि वाक्य मागे राहतं," ती म्हणाली. "वाक्य लहान करा. दोन शब्द, मग थांबा. लोक ताटकळले तर ताटकळू देत."

आई आठवड्यातून एकदा मला न्यायची. काही महिन्यांनी मॅडम मला हॉस्पिटलसमोरच्या उडप्याकडे घेऊन गेली. वेटरने तिला विचारलं, "ह्यांना काय?" ती खिडकीबाहेर बघत बसली. तो माझ्याकडे वळला. मी श्वास घेतला. "एक चहा." थांबलो. "साखर कमी." तो गेला आणि कमी साखरेचा चहा घेऊन आला. तो चहा मी इतका सावकाश प्यायलो की गार झाला.

घरी आईने नेहमीसारखा पाक केलेला चहा पुढे ठेवला, तेव्हा मी तेच वाक्य म्हटलं. ती घरच्या मालवणीत भावाला म्हणाली, "काय म्हणता ह्यो? तेका गोडच लागता." भावाला कळलं होतं. तो हसला. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

मग भावाच्या लग्नाचं निघालं. बोरिवलीची मंडळी घर बघायला येणार होती. असं कुणी यायचं असलं की मला मावशीकडे पाठवायचे. त्या दिवशीही आईने माझा इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. मी म्हटलं, "नाही. मी इथेच." भाऊ म्हणाला, "आज नको रे, यार. एक दिवस." मी उठलो नाही. वेळ झाली होती, मला उचलून न्यायला कुणी नव्हतं.

मंडळी आली, पोहे झाले. मुलीचे वडील माझ्याकडे बघायचं टाळत होते. शेवटी त्यांनी आईला विचारलं, "हे कोण? ह्यांना समजतं का?"

आईने तोंड उघडण्याआधी मी म्हणालो, "समजतं." श्वास घेतला. "मी भाऊ. सख्खा."

प्रत्येक शब्द सगळ्यांना कळला. इतकं स्वच्छ मी त्याआधी कधी बोललो नव्हतो. ते "छान, छान" म्हणाले, आणि चार दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला. कारण पत्रिकेचं सांगितलं.

भाऊ जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "ह्याचं बोलणं कळत नव्हतं तेच बरं होतं."

आईने त्याच्या ताटात भात वाढला. तिने एरवी माझ्या वतीने आख्ख्या जगाला उत्तरं दिली होती.

त्यानंतर तिचे गुडघे दुखायला लागले. मग पाऊस जास्त होता, मग बस मिळत नव्हती. माझं जाणं बंद पडलं. बसच्या पायरीवर मला कुणीतरी वर ओढून घ्यावं लागायचं, एकट्याला शक्य नव्हतं. एका दुपारी मॅडम पत्ता शोधत घरी आली. आई दारातच म्हणाली, "त्याचं मन नाही हो आता. कंटाळला."

मी आतून ओरडलो. रागात माझी जीभ टाळूला चिकटते, नुसता आवाज निघाला. "बघा," आई म्हणाली, "असा चिडतो."

मॅडम उंबऱ्यावर उभी राहिली, तिने काही विचारलं नाही, सुचवलं नाही. बऱ्याच वेळाने माझ्या तोंडून शब्द सुटला. "यायचंय."

"ऐकलंत ना?" मॅडम आईला म्हणाली.

"ऐकलं. पण कोण नेतलो तेका?" आईने विचारलं.

आईशिवाय मला नेणारं कुणी नव्हतं. मॅडमने मला घरी करायचे श्वासाचे व्यायाम दाखवले, पाणी प्यायली आणि गेली. नंतर कधीतरी कळलं की ती लग्न करून नागपूरला गेली आणि तिची जागा भरलीच नाही.

पुढच्या वर्षी भावाचं दुसरीकडे जमलं. मुलीकडची माणसं यायच्या दिवशी त्याने सकाळीच टॅक्सी आणली आणि मावशीकडे न्यायला मला धरून आत बसवलं. मी वाटभर बोलत होतो, दोन दोन शब्द, थांबून थांबून, तो तोंड फिरवून बसला होता. टॅक्सीवाल्याने आरशात बघून त्याला विचारलं, "क्या बोल रहा है?"

"कुछ नहीं," भाऊ म्हणाला.